कापगते मॅडमचं ‘माहीत नाही’

कापगते मॅडम गेल्या त्या सकाळी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली श्रद्धांजली कोणी वाहिली, तर ज्यानं त्यांची ती क्लिप गावोगावच्या ग्रुपवर फिरवली होती त्यानं. जोडलेले हात, मेणबत्ती, आणि खाली ‘विद्यार्थ्यांचा आधारवड हरपला’. त्याखाली बाकीच्यांच्या फुलांची रांग लागली. मी त्याला उत्तर लिहायला घेतलं, पुसून टाकलं आणि फोन पालथा ठेवला. जे लिहिणार होतो ते आता सावकाश लिहितो आहे. त्या माणसाचं नाव घेणार नाही. तो काही एकटा नव्हता, आणि नाव घेण्याइतका मोठाही नव्हता.

मॅडम तिरोड्याजवळच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायच्या. मी मराठीचा. गोंदियाहून सकाळच्या रेल्वेनं यायचो, दुपारच्या रेल्वेनं परत. त्या स्कूटीवरून यायच्या. ठेंगणा बांधा, तेल लावून घट्ट बांधलेले केस, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. हे हेल्मेट त्या स्टाफरूमच्या खुर्चीवर बसेपर्यंत काढत नसत. गेटातून, व्हरांड्यातून, प्राचार्यांच्या केबिनसमोरून त्या हेल्मेटसकट चालत यायच्या आणि पोरं भिंतीला चिकटून उभी राहायची. एकदा मी विचारलं, मॅडम, इथं कोण तुम्हाला धडक देणार आहे? म्हणाल्या, “सर, या कॉलेजात काही सांगता येत नाही.”

नवेगावकडच्या त्या कोहळी. त्यांच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले, पाटाचं पाणी वाटून दिलं, आणि त्यांचे वडील शेवटपर्यंत गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी अडवलेल्या धानाच्या तुकड्याला, कधी सोडायचं ते ठरवत. बाईंचा रागही मला वाटतं तिथूनच आला असावा. पाणी वाटणाऱ्याशी सारं गाव भांडतं, आणि तो दबला की खालच्या बांध्या वाळतात. मॅडम कधी दबल्या नाहीत. डब्यात रोज भात. पोळी ही पाहुण्यांना द्यायची गोष्ट, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या दुसऱ्याची पोळी खातानाही सांगत.

पेपर तपासताना त्यांच्या लाल पेनाचं काही शब्दांशी वैर होतं. ‘नेहमी’, ‘सर्वांना’, ‘कधीच नाही’ असे शब्द दिसले की त्याभोवती गोल आणि समासात एकच प्रश्न, ‘कशावरून?’ पोरं वैतागायची. गाइडात तसंच लिहिलंय म्हणायची. “गाइडवाल्याले विचार मग, कशावरून,” असं उत्तर मिळायचं. हा प्रश्न त्या स्टाफरूममध्येही विचारायच्या. कोणी म्हणालं, यंदाची बॅच अगदीच टाकाऊ आहे, की पलीकडून हेल्मेट पुसता पुसता आवाज यायचा, “कशावरून जी?” मग तो विषय तिथंच संपायचा.

त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामधे एका विटेची भिंत होती. त्यामुळे माझ्या पोरांना कवितेपेक्षा पेशींची माहिती जास्त. गांजाचा तास मी त्या भिंतीतूनच ऐकला, आणि एकदा नाही, दरवर्षी ऐकला. अभ्यासक्रमात तो एवढा नव्हता. मॅडमनी स्वतःच वाढवला होता.

“तलाव तोच,” त्या सांगायच्या. “पानी तेच. पण कोणत्या बांधीले पानी जाइन अन् कोणती कोरडी राहीन, हे तलाव नाही ठरवत. धुऱ्यातली मोरी ठरवते. मोरीवर मातीचा लोंदा बसवला, पानी बंद. लोंदा काढला, पानी सुरू. तुमच्या पेशीतही असंच आहे. मायबापाकडून आलेली जनुकं तीच राहतात. पण कोणतं जनुक चालू अन् कोणतं बंद, हे ठरवणारे बारीक बारीक लोंदे राहतात. रसायनाचे. गांजा ओढला की हे लोंदे भलत्याच मोरीवर जाऊन बसू शकतात. बसतातच का? काही जणांत तसं दिसलं आहे. गांजा सोडल्यावर निघतात का? काही निघतात. काही मुक्काम ठोकतात. कोणते अन् किती वर्षं, हे अजून पुरतं माहीत नाही. माहीत नाही हे बी लिहून घ्या. त्याले बी मार्क आहेत.”

मग त्या पऱ्ह्यांवर यायच्या. धानाचे पऱ्हे म्हणजे रोवणीआधीची कोवळी रोपं, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. पाऊस लांबला, रोवणी उशिरा झाली की पऱ्हे वाफ्यातच म्हातारे होतात. मग बांधीत नेऊन लावा, खत घाला, पाणी भरा, त्यांना धड फुटवे येत नाहीत. “बी तेच होतं ना? एकाच पोत्यातलं?” मॅडमचा आवाज चढायचा. “मग फुटवे काऊन नाही आले? लहानपणी त्याच्यावर जे गुजरलं ते त्यानं लक्षात ठेवलं. तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे म्हणजे पऱ्हे आहा. तुमचा मेंदू अजून वाफ्यात आहे. म्हाताऱ्यानं चिलीम ओढणं वेगळं अन् तुम्ही ओढणं वेगळं.” माझ्या वर्गातली पोरं तेव्हा माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत असायची.

हे सगळं त्या हवेत बोलत नव्हत्या. कॉलेजच्या गेटासमोर एक पानठेला होता. तिथं सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा मिळायचा, ते तर या मुलखात दूध मिळण्यासारखं आहे. पण कागदाची बारीक पुडीही मिळायची. सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा संस्थेचे पदाधिकारी आले होते, समोसे आले होते, आणि प्राचार्य मान डोलावून सांगत होते की आपल्याकडे व्यसनाचा प्रश्नच नाही, आपला परिसर संस्कारी आहे. मॅडम उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, रागानं गेल्या. समोसा संपायच्या आत त्या परत आल्या आणि साहेबांच्या बशीशेजारी एक पुडी ठेवली.

“आत्ता घेतली,” त्या म्हणाल्या. “साडीत गेली, हेल्मेट घालून गेली, माझे केस पिकले आहेत. तरी दिली. वरून म्हणते, ‘भोलेबाबाचा प्रसाद आहे मॅडम, जडीबुटी आहे, काही होत नाही.’ मी म्हटली, धोतराही जडीबुटीच आहे, खातो का?”

प्राचार्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य असं होतं, “मॅडम, हे आधी आत ठेवा.” आत म्हणजे कुठं, हे त्यांनाही माहीत नसावं. मग चौकशी झाली, पत्र गेलं, आणि पानठेला उचलून रस्त्याच्या पलीकडे ठेवण्यात आला. संस्कारी परिसराची हद्द रस्त्याच्या अलीकडेच संपत होती. मॅडमना मात्र ‘परिसराची बदनामी केल्याबद्दल’ समज मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

त्याच पलीकडच्या ठेल्यावर मॅडमना भूमेश सापडला.

भूमेश रहांगडाले जवळच्याच एका गावचा, पोवारांचा पोरगा. अकरावीला आला तेव्हा वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि बंद पडलेलं काहीही उघडून बसायचा. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकाचा दिवा त्यानंच सुरू केला. मॅडमचा त्याच्यावर जीव होता, म्हणजे त्या त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त रागवायच्या. राइस मिलच्या मागं मोठ्या पोरांची बैठक असायची, तिथं त्याला कोणीतरी पहिल्यांदा दिलं. काही होत नाही, उलट अभ्यासात डोकं चालतं, असं सांगून दिलं. बारावीच्या परीक्षेला तो बसलाच नाही. मग बांधीच्या धुऱ्यावर तासन् तास उभा राहायला लागला. दूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे आपल्याकडे डोळे मिचकावतात, आपलं नाव घेऊन बोलतात, असं तो आईला सांगायचा.

घरच्यांनी आधी त्याला एका बाबाकडे नेलं. दुसऱ्या वेळी नेत होते तेव्हा मॅडम स्कूटी आडवी घालून उभ्या राहिल्या. भूमेशच्या वडिलांना त्या जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही, ते ऐकून बाप बिचारा रडायला लागला होता. पण पोरगा गोंदियाच्या मनोविकाराच्या डॉक्टरकडे गेला. औषधं सुरू झाली. बरं व्हायला फार काळ लागला. मधे त्यानं औषधं टाकून दिली, पुन्हा सुरू केली. गांजा सुटला तो मात्र परत धरला नाही.

स्टाफरूममध्ये एकानं ‘तो गंजेडी’ असा उल्लेख केला तेव्हा मॅडमनी डबा बंद केला. “पोट्ट्याचं नाव भूमेश आहे,” त्या म्हणाल्या. “तुमाले दमा आहे, तुमचं नाव आम्ही दमेकरी ठेवलं का?” मी त्यांना एकदा एकट्यात विचारलं, हे गांज्यामुळंच झालं का? मला वाटलं, हो म्हणतील. त्या म्हणाल्या, “कशावरून म्हणू? त्याच्या मनात आधीपासून काही असन, गांज्यानं दार उघडलं असन. होऊ शकते. पण त्याले देणाऱ्यानं दार कुठं आहे हे पाहलं होतं का?”

भूमेश मोटार वाइंडिंग शिकला. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. तिरोड्याच्या बाजाराच्या रस्त्यावर त्यानं दुकान टाकलं. हात चांगला होता. उन्हाळी धानाच्या दिवसांत दुकानाबाहेर मोटारींची रांग लागायची. मग कामठ्याच्या एका घरची निकिता नावाची मुलगी त्याला सांगून आली. भूमेशनं काही लपवलं नाही. मुलीला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून त्यानं सगळं सांगितलं, औषधाचं नावसुद्धा. वडील म्हणाले, झालं गेलं, पोट्टा आता कामाचा आहे. मंडई झाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. मॅडम तेव्हा आठवडाभर कोणावर रागावल्या नव्हत्या, आणि आम्हालाच काळजी वाटायला लागली होती.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, नाटक होतं, आणि अर्ध्या जिल्ह्याच्या सोयरिकी त्याच गर्दीत जुळतात. त्या वर्षी एका गावच्या मंडई समितीला समाजप्रबोधनाची हौस आली. दुपारी नाटकाच्या स्टेजवरून मॅडमचं व्यसनमुक्तीवर भाषण ठेवलं. मी समोर बसलो होतो. त्यांनी तलाव सांगितला, लोंदे सांगितले, पऱ्हे सांगितले. बाया-बापड्यांना सगळं कळत होतं, मान हलत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “गांजा ओढणाऱ्या बाप्याच्या बीजातही अशा खुणा दिसल्या आहेत. त्या लेकरापर्यंत जातात का, हे अजून कोणालेच माहीत नाही. गांजा सोडल्यावर त्यातल्या काही कमी होताना बी दिसल्या आहेत. म्हणून घाबरवत नाही, पण पोट्टेहो, हात लावू नोका.”

समोर एक मोबाइलवाला पत्रकार उभा होता. त्यानं पहिलं वाक्य घेतलं आणि पुढची कापून टाकली. वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘गांजा पिणाऱ्याची पुढची पिढीच बिघडते, जीवशास्त्राच्या मॅडमचा खुलासा’. मागं ढोलकं वाजत होतं. आमच्या त्या श्रद्धांजलीवाल्यानं ती क्लिप ‘सर्वांनी अवश्य पाहा’ असं लिहून सगळीकडे पाठवली. चार दिवसांत ती कामठ्याला पोचली आणि साक्षगंध मोडलं.

माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. राइस मिलच्या मागं बसणाऱ्या पोरांपैकी दोघं आता व्यापारात आहेत, एक राजकारणात आहे, तिघांची लग्नं वाजतगाजत झाली. त्यांच्या बीजाची चौकशी कोणी केली नाही. ज्यानं खरं सांगितलं, ज्यानं औषध घेतलं, ज्यानं सोडलं, त्याच्या कपाळावर मात्र शिक्का. आणि शिक्क्याला शाई कोणाची, तर ज्या बाईनं त्याला वाचवलं तिची.

मॅडमनी क्लिप माझ्या फोनवर पाहिली. दोनदा पाहिली. हेल्मेट घातलं आणि म्हणाल्या, “सर, गोंदियाले घरी तुमची कार आहे ना? कामठ्याले जायचं आहे.”

गोंदियाहून माझी कार घेऊन आम्ही कामठ्याला पोचलो तेव्हा निकिताचे वडील, टेकचंदभाऊ, ओसरीत बसून प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होते. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ. बसा जी म्हणाले, पाणी आलं. आदरात काही कमी नव्हतं.

“मॅडमजी, तुमच्यावर आमचा राग नाही,” टेकचंदभाऊ म्हणाले. “उलट उपकारच झाले. तुमी बोलल्या म्हणून त मालूम पडलं. नाही त फसून गेलो असतो.”

“मी काय बोलली?”

“पिढीच बिघडते म्हणून. व्हिडिओ आहे ना.”

“ते मी नाही बोलली. ते त्या मोबाइलवाल्यानं लिहिलं. मी बोलली, माहीत नाही म्हणून. ते त्यानं कापलं.”

“बात त एकच झाली ना जी.”

“एकच?” मॅडमचा आवाज ओसरीच्या बाहेर गेला. “तुमच्या हातात काय आहे?”

ते गोंधळले. “खर्रा.”

“किती वर्षांपासून खाता?”

“आता काय सांगू? लगनाच्या आधीपासून.”

“तंबाखूनंही अशा खुणा बसतात. ते त गांज्यापेक्षा जास्त पक्कं माहीत आहे. मग तुमच्या हिशोबानं तुमची पोरगीच बिघडलेली निघाली. तिले कोणी कायले करावं?”

धाकटा भाऊ ताडकन उठला. “मॅडम, घरच्या पोरीवर येऊ नका.”

“मी नाही आली. तुम्ही दुसऱ्याच्या पोरावर गेले,” मॅडम म्हणाल्या. “ती चांगली आहे, धडधाकट आहे, ते मले दिसते. तेच मी म्हणून राहिली. खूण असणं वेगळं अन् माणूस बिघडणं वेगळं.”

टेकचंदभाऊंनी खर्ऱ्याची पन्नी मांडीखाली सरकवली. घोटणं बंद झालं होतं. मला वाटलं, जिंकलो. माणूस खजील झाला होता, आणि खजील माणूस आमच्याकडे लग्नाला तयार होतो.

तेवढ्यात निकिता आतून दारात आली. डी.एड. झालेली, शांत मुलगी. तिनं वडिलांकडे पाहिलंच नाही.

“मॅडम, मले व्हिडिओ नाही विचारायचा,” ती म्हणाली. “मले भूमेश पसंत आहेत. मले फक्त एवढं सांगा. आमच्या लेकरांना काही होणार नाही ना?”

ओसरीत सगळे मॅडमकडे बघायला लागले. एक ‘नाही’ पुरे होतं. टेकचंदभाऊसुद्धा तेवढ्यासाठीच थांबले होते, त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. त्यांना मागं फिरायला वाट हवी होती आणि ती वाट मॅडमच्या तोंडात होती.

मॅडमनी हेल्मेट मांडीवर फिरवलं. “माहीत नाही, बेटा,” त्या म्हणाल्या. “त्यानं सोडून बरीच वर्षं झाली. काही होईल असं म्हणायला माझ्याजवळ काही नाही. माझी पोरगी असती त मी त्याले दिली असती. पण होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. कोणीच नाही देऊ शकत. कोणाच्याच लेकराचं नाही.”

त्यातली शेवटची वाक्यं कोणी ऐकली नाहीत. ‘माहीत नाही’ एवढंच ओसरीत उरलं. धाकटा भाऊ म्हणाला, “झालं. मॅडमच म्हणून राहिल्या.” निकिता आत गेली. आम्हाला चहा आला. तो आम्ही प्यायलो, कारण न पिता उठणं बरं दिसलं नसतं.

परतीच्या रस्त्यात मी गाडी बाजूला घेतली. मला राहवलं नाही. “काय गेलं असतं तुमचं?” मी म्हणालो. “एक शब्द होता. दोन माणसांचा संसार उभा राहिला असता. तुमचं शास्त्र काय कोर्टात होतं?”

त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “सर, त्या पोट्ट्याले सोळाव्या वर्षी काय सांगून पुडी दिली होती? ‘काही होत नाही.’ त्यानं विचारलं असन, देणाऱ्यानं सांगितलं असन. त्याच्या भल्यासाठीच सांगितलं असन, म्हणे डोकं चालते. आज त्या पोरीनं विचारलं. मी बी तेच सांगू? काही होत नाही? त्या ठेल्यावाल्यानं बी मले हेच सांगितलं होतं. मग त्याच्यात अन् माझ्यात काय फरक?”

“फरक आहे मॅडम. तो विकत होता.”

“मी बी विकलंच असतं. माझ्या भाषणानं जे झालं त्यातून सुटायले तिचा भरवसा विकला असता.”

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही. सत्याचे असे चोचले ज्याला परवडतात त्यानं करावेत, भूमेशला परवडत नव्हते. तसं मी बोललो. त्या म्हणाल्या, “गाडी चालवा. त्याले मलेच सांगायचं आहे. व्हिडिओवरून कळायले नाही पाहिजे.”

दुकानात भूमेश जमिनीवर बसून एका मोटारीत तार भरत होता. मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांनी काही सजवलं नाही. कामठ्याला गेलो होतो, निकिताला तू पसंत आहेस, तिनं मला हे विचारलं, मी हे सांगितलं. एवढंच.

भूमेशचे हात थांबले नाहीत. एक एक वेढा तो लाकडी पट्टीनं खाचेत बसवत होता. तसाच बोलला. आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

“मॅडम, मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा ‘काही होत नाही’ म्हणणारे गल्लीगल्लीत होते. आज एकच पाहिजे होता. अन् तुम्ही म्हणल्या, माहीत नाही.”

‘कशावरून’ म्हणण्याची सोय मॅडमना इथं नव्हती. त्या म्हणाल्या, “हो. तसंच म्हटली.” आणि तिथल्या तिथं उभ्या राहिल्या. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

लग्न मोडलं एवढ्यावर ते थांबलं नाही. क्लिप फिरतच होती. पोट्ट्याचं डोकं फिरलेलं आहे, मोटार दिली तर जाळून ठेवील, असं कोणी तरी बाजारात बोललं, आणि लोकांनी ते उचललं. उन्हाळी धान लागलं, पंप जळायला लागले, पण मोटारी शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे जायला लागल्या. तो मिस्त्री दिवसाढवळ्या दारू पिऊन तार भरतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या बीजावर कोणी भाषण दिलं नव्हतं ना.

मॅडम त्याच सुमारास निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात शाल, नारळ, आणि त्यांची तीच क्लिप बनवणाऱ्या पत्रकाराकडून शूटिंग. त्यांनी शाल घेतली आणि भाषण करायला नकार दिला. “मी बोलली की तुम्ही अर्धंच ऐकता,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला त्या भूमेशच्या दारात हजर. आत गेल्या नाहीत. बाहेर एक लोखंडी स्टूल होता, ग्राहकांसाठी ठेवलेला आणि ग्राहक नसल्यानं धूळ खात पडलेला. तो पुसून त्या बसल्या. दुपारी जेवायला घरी गेल्या, संध्याकाळी परत आल्या. मग हे रोजचं झालं.

लोकांना वाटलं, बाई निवृत्तीनंतर भरकटली. भूमेशच्या आईनं त्याला विचारलं, त्या कायले बसतात? तो म्हणाला, मले काय माहीत. त्यानं त्यांना माफ केलं होतं असं मला वाटत नाही. मॅडमनाही तसं वाटत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “माफीचं त्याच्याकडे. मी बसायले आली आहे.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथंच. माझ्या घरच्या मिक्सरची मोटार घेऊन गेलो होतो, खरं तर ती नीट होती. ऊन चढलं होतं. मॅडम स्टुलावर, डोक्यावर हेल्मेट. आत भूमेश. तेवढ्यात एक शेतकरी मोटरसायकलच्या मागं पंपाची मोटार बांधून आला. उतरला, दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, आणि पाऊल टाकता टाकता थबकला. मॅडमना ओळखलं असावं. जवळ येऊन हळूच, आतल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, “मॅडम, तुमालेच विचारतो. याच्याजवळ देऊ का? पोट्टा बरा आहे ना आता?”

“काय बिघडलं आहे?” मॅडमनी मोठ्यानं विचारलं. “मोटार का पोट्टा?”

“मोटार,” तो म्हणाला.

“मग मोटार दे.”

त्यानं दोरी सोडली आणि मोटार उचलून उंबऱ्यात आणून ठेवली. भूमेशनं आमच्यापैकी कोणाकडेच पाहिलं नाही. पाना घेतला, मोटार स्वतःकडे ओढली आणि झाकणाचे नट सोडवायला लागला. मॅडमची सावली त्याच्या हातावर पडत होती. त्यांनी स्टूल जरा बाजूला सरकवला.